रेडिंग्टन क्लासिक ट्राउट, साडेसात फुटी, ३ नंबर: हिमालयातल्या ओढ्यांसाठी रॉड कसा आहे?

आधी निकाल. दहा-पंधरा फूट रुंदीच्या, दगडगोट्यांच्या, दोन्ही काठांवरून झाडं वाकलेल्या ओढ्यात जंगली ट्राउट मासा धरायचा असेल, तर रेडिंग्टन कंपनीचा हा चार तुकड्यांचा रॉड घेण्यासारखा आहे. मात्र त्यावर ३ नंबरची लाइन चढवू नका, ४ नंबरची चढवा. रिळावर पैसे उधळू नका. आणि हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या मुख्य पात्रासाठी हाच एकमेव रॉड म्हणून घेणार असाल तर जरा थांबा. तिथे तो तोकडा पडतो. त्याचं कारण पुढे आहे.

आपल्याकडचे बहुतेक गळवाले स्पिनिंगवर शिकलेले असतात. धरणाच्या काठावरून जड लुअर भिरकवायचा आणि त्याच्या वजनाने दोरी मागे खेचली जायची, ही सवय हातात मुरलेली असते. फ्लायच्या मासेमारीत गणित नेमकं उलटं आहे. पिसं आणि दोरा गुंडाळलेल्या आकड्याला, म्हणजे फ्लायला, वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं ते जाड, प्लास्टिकचा लेप दिलेल्या लाइनला. लाइन मागे जाताना रॉडला वाकवते, रॉड सरळ होताना लाइनला पुढे पाठवतो आणि फ्लाय नुसती तिच्या मागून जाते. म्हणून या रॉडवरचा ३ हा आकडा किती जड मासा पेलेल ते सांगत नाही, किती जड लाइन त्याला नीट वाकवेल ते सांगतो.

इथेच ओढ्याची अडचण सुरू होते. लाइनचा नंबर तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावर ठरतो. ३ नंबरच्या लाइनचे हे ३० फूट १०० ग्रेनचे, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅमचे असतात. ४ नंबरचे १२० ग्रेनचे, म्हणजे पावणेआठ ग्रॅमचे. आता ओढ्यात आपण टाकतो किती लांब? पंधरा ते वीस फूट. त्यातले साडेसात फूट तर लीडरचेच, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधल्या बारीक, निमुळत्या नायलॉनच्या दोऱ्याचे. टोकाच्या कडीबाहेर जेमतेम दहा फूट लाइन असते, आणि तिचं वजन भरतं सव्वादोन ग्रॅमच्या आत, कारण पुढचं टोक निमुळतं असतं. एवढ्या वजनाला कडक, वेगवान रॉड दादच देत नाही. तो नुसता काठीसारखा हलतो, लाइन ढीग होऊन पुढ्यात पडते, आणि माणूस जोर वाढवतो. जोर वाढवला की फेक आणखी बिघडते.

क्लासिक ट्राउट इथे कामाला येतो कारण तो मध्यम चालीचा आहे. वाक टोकाच्या फुटा-दीड फुटात अडकून राहत नाही, मधल्या तुकड्यांपर्यंत उतरतो. ३ नंबरची लाइन घातली तर पंचवीस फुटांपुढे तो छान बोलतो, पण पंधरा फुटांवर थोडा मुका वाटतो. ४ नंबरची लाइन घातली की दहा फूट लाइनवरसुद्धा मुठीत वाक जाणवतो, आणि ओढ्यात आपल्याला नेमकं तेच हवं असतं. रॉडचं यात काही बिघडत नाही. पस्तीस-चाळीस फूट लाइन हवेत ठेवून फेकली तरच जास्तीचा भार त्रास देईल, आणि ओढ्यात तेवढी जागा नसतेच.

बांधणीबद्दल. गडद तपकिरी ग्रॅफाइट, रीळ बसवायच्या जागी रोजवुडचा तुकडा, कॉर्कची मूठ आणि तुकडे एका रेषेत जुळवण्यासाठी प्रत्येक सांध्यावर ठिपके. ठिपके ही किरकोळ गोष्ट वाटते. पहाटे कडाक्याच्या थंडीत बोटं बधिर झालेली असताना कड्या एका ओळीत आणायच्या असतात तेव्हा त्यांची किंमत कळते. साडेसात फुटांचे चार तुकडे म्हणजे एकेक तुकडा साधारण ५७ ते ६० सेंटिमीटरचा, आणि नायलॉनचं कापड चढवलेली नळी त्याहून थोडी लांब. आपल्या विमान कंपन्यांच्या हातातल्या बॅगेची नेहमीची मर्यादा ५५ सेंटिमीटर आहे, त्यामुळे नळी सामानातच द्यावी लागते. आकडे, चिमटा आणि कात्री तर तशीही हातातल्या बॅगेत चालत नाहीत. नळी मोठ्या बॅगेत कर्णरेषेत, कपड्यांच्या मधोमध ठेवा. कडेला ठेवली तर बॅग आपटली की पहिला मार तिलाच बसतो.

लाइन घेताना डबल टेपर घ्या. दुकानदार वेट फॉरवर्ड पुढे करतो, कारण ती लांब जाते. पण तिचा जड पुढचा भाग तीस-चाळीस फुटांचा असतो आणि ओढ्यात आपण त्याच्या बाहेर कधी जातच नाही. डबल टेपर दोन्ही टोकांना सारखीच निमुळती असते. एक टोक झिजलं, त्याला चिरा पडल्या की उलटी करून चढवायची. एका किमतीत दोन लाइन. रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न उडवता करायची फेक, तीही तिने सोपी होते. तरंगणारीच घ्या, बुडणारीचं इथे काम नाही. रंग फिकट असावा, पण चमकदार नारिंगीला घाबरू नका; माशाजवळ लाइन जात नाही, लीडर जातो. डास पळवायचं मलम आणि उन्हाचं क्रीम लाइनच्या लेपाला खातात, तेव्हा ते लावल्यावर बोटं धुतल्याशिवाय लाइनला हात लावू नका. संध्याकाळी कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून मऊ फडक्याने पुसली की लाइन पुन्हा नीट वर तरंगते. मळलेली लाइन टोकाकडून बुडायला लागते आणि मग फ्लायही ओढली जाते.

रीळ हा या मासेमारीत लाइन ठेवायचा डबा आहे, बस. वीस-पंचवीस सेंटिमीटरचा ट्राउट रिळावरून लाइन काढून नेत नाही. त्याला डाव्या हाताने लाइन ओढूनच आणायचं असतं. त्यामुळे डिस्क ड्रॅगचं, म्हणजे पळणाऱ्या माशाला आवरणाऱ्या ब्रेकचं, महागडं रीळ या रॉडवर नाकापेक्षा मोती जड. साधं क्लिक करणारं, शंभर ग्रॅमच्या आसपासचं रीळ पुरतं. पूर्ण जोडलेला रॉड तर्जनीवर मुठीच्या पुढच्या टोकाशी तोलून बघा. टोक खाली झुकत नसेल तर जमलं. रिळावर लाइनच्या मागे २० पौंड ताण सोसणारा बॅकिंगचा दोरा पन्नास यार्ड भरा. तो माशासाठी नाही, लाइनचे वेटोळे मोठे राहावेत आणि ती स्प्रिंगसारखी गुंडाळून येऊ नये यासाठी आहे.

लीडर साडेसात फुटी, ५ एक्सचा. टिपेट म्हणजे लीडरचा फ्लायकडचा सगळ्यात बारीक दोरा, आणि त्याच्या नंबराचा हिशोब सोपा आहे: ११ मधून तो आकडा वजा केला की इंचाच्या हजाराव्या भागातली जाडी मिळते. ५ एक्स म्हणजे ०.००६ इंच, ६ एक्स म्हणजे ०.००५. फ्लायचा नंबर (जितका मोठा, तितकी फ्लाय लहान) तीनने भागला की कोणता टिपेट ते कळतं. १४ किंवा १६ नंबरच्या फ्लायला ५ एक्स. जाड टिपेटवर छोटी फ्लाय लाकडी वागते, बारीक टिपेटवर मोठी फ्लाय गोल गोल फिरून त्याला पीळ घालते. लीडरच्या टोकाला दीड-दोन फूट टिपेट सर्जन्स गाठीने जोडा म्हणजे फ्लाय बदलताना मूळ लीडर आखूड होत जाणार नाही. प्रत्येक गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची. कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमजोर होतं, आणि नंतर आपण म्हणतो मासा मोठा होता.

आता पाण्यावर. हिमाचलात ब्राउन ट्राउट मूळचा नाही. १९०९ मध्ये कुल्लूजवळ महिली इथे हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने अंडी आणून उबवणी केंद्र काढलं. काश्मीरमध्ये त्याआधी, १९०० साली स्कॉटलंडहून आलेली अंडी जगली होती. पण आज बंजार खोऱ्यातल्या ओढ्यांमधले अनेक मासे उबवणी केंद्रात नाही, तिथल्याच पाण्यात अंड्यातून बाहेर पडलेले आहेत. गुशैनीपाशी तीर्थनला मिळणारा फलाचन, बंजारजवळ मिळणारा जीभीचा ओढा आणि वरचे बिननावाचे नाले, ही या रॉडची खरी जागा. या माशांना मत्स्यपालनाच्या टाकीत वाढलेल्या माशांसारखा भाताच्या गोळ्यासारखा आकार नसतो. पाठ ऑलिव्ह, पोट लोण्यासारखं पिवळं, अंगावर काळे ठिपके आणि मधून मधून लाल, त्या प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं. पर अखंड आणि टोकदार. वाळलेल्या पानाएवढा मासा, पण रॉड मुठीपर्यंत वाकवतो, आणि हलक्या रॉडचे पैसे इथेच वसूल होतात.

ट्राउट नेहमी प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून आपण खालून वर चढत जायचं. पाण्याबाहेरचं जग त्याला डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून दिसतं. जितका तो उथळ, तितकं ते वर्तुळ लहान. याचा अर्थ उथळ डबक्यातल्या माशाजवळ गुडघ्यावर बसून पंधरा फुटांवर जाता येतं, पण उभं राहिलात तर तीस फुटांवरूनही तो पळतो. भडक टोपी आणि चमकणारं घड्याळ घरी ठेवा.

एका दगडामागची जागा घेऊ. प्रवाह दगडावर आपटून दोन बाजूंनी वेगाने निघतो आणि मागे टोपलीएवढी शांत जागा राहते. मासा त्या शांत पाण्याच्या अगदी कडेला असतो, कारण खाणं वेगवान पाण्यातून वाहतं आणि दम घ्यायला मंद पाणी लागतं. आपण खाली, थोडे बाजूला. फ्लाय शांत जागेच्या वरच्या टोकाला पडायला हवी. पडली. आता आपल्या आणि त्या जागेच्या मध्ये वेगवान पाण्याचा एक पट्टा आहे. लाइन त्यावर टेकली की पाणी लाइनला पळवतं, लाइन फ्लायला ओढते, आणि फ्लायमागे पाण्यावर व्हीसारखी रेघ उमटते. खरा किडा अशी रेघ काढत नाही. मासा वर येता येता मागे फिरतो. उपाय एकच: फ्लाय पडताक्षणी हात वर, रॉडचं टोक वर, आणि सगळी लाइन पाण्याबाहेर. पाण्यावर फक्त लीडरचे शेवटचे तीन-चार फूट. दोन सेकंद तरी फ्लाय मोकळी वाहते. एवढं बहुतेक वेळा पुरतं. या माशाला विचार करायला वेळच नसतो.

याच क्षणी साडेसात फुटांची मर्यादा दिसते. हात पूर्ण वर करूनही टोक दहा-साडेदहा फुटांवर जातं. अरुंद ओढ्यात ते पुरेसं आहे. तीर्थनच्या मुख्य पात्रात मात्र मधले दोन-तीन वेगवान पट्टे ओलांडून पलीकडच्या काठाच्या जागेवर फ्लाय ठेवायची असते. तिथे साडेआठ-नऊ फुटी, ४ किंवा ५ नंबरचा रॉड लागतो. शिवाय दुपारनंतर खोऱ्यात वारा वर चढू लागतो. मध्यम चालीच्या हलक्या रॉडने त्याविरुद्ध फेकणं म्हणजे नुसती दमछाक.

फेक शिकताना स्पिनिंगवाल्यांची ठरलेली चूक म्हणजे मनगटाचा झटका. या रॉडला झटका दिला की टोक खाली झुकून येतं, लाइनचा वरचा पट्टा खालच्याला छेद देतो आणि लीडरमध्ये गाठ पडते. अशा एका गाठीमुळे टिपेटची ताकद निम्म्याच्या आसपास येते, म्हणून दर पाच-दहा फेकींनंतर टिपेट बोटांतून फिरवून बघायचा. बरोबर क्रम असा: टोक पाण्यालगत, लाइनमध्ये ढील नाही, हळू उचलायला सुरुवात, वेग वाढवत जायचं, घड्याळाच्या एकच्या जागेवर कडक थांबायचं, लाइन मागे उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढे तसंच, साडेदहाच्या जागेवर कडक थांबायचं. थांबणं हीच फेक आहे. मध्यम चालीच्या रॉडला हे थांबणं पळभर जास्त लागतं आणि हाताचा पल्लाही थोडा मोठा.

पण खऱ्या ओढ्यात डोक्यावरून अशी फेक दहातून दोनदाच जमते. मागे देवदाराची फांदी असतेच. बाकी वेळ तीन युक्त्या. पहिली, रॉड आडवा धरून पाण्याला समांतर फेक, फांद्यांच्या खालून. दुसरी रोल कास्ट: टोक हळू मागे, कानाच्या मागे लाइनचं अर्धवर्तुळ लोंबू द्या, लाइनचा पुढचा भाग पाण्यावरच राहू द्या, कारण पाण्याच्या पकडीवरच रॉड वाकतो, आणि मग पुढे कडक थांबा. तिसरी, धनुष्यबाण. टोकाबाहेर रॉडएवढीच लाइन आणि लीडर मिळून ठेवा, मुठीवर बोटाने लाइन दाबून धरा, फ्लाय तिच्या आकड्याच्या वळणाला चिमटीत धरा, टोकाचा काटा बोटापासून लांब आणि बाहेरच्या बाजूला, रॉडचं टोक लक्ष्याकडे, ओढा, सोडा. या रॉडचा वाक मधपर्यंत उतरत असल्याने धनुष्य छान ताणलं जातं. पंधरा फुटांपर्यंत नेम बसतो. काटा आत धरलात तर तो अंगठ्यात जातो, आणि सगळ्यात जवळचा दवाखाना खाली बंजारला. यासाठीच टोकामागची उलटी बारीक नांगी, म्हणजे बार्ब, चिमट्याने दाबून सपाट करून ठेवायची. माशालाही सोडणं सोपं.

मासा लागला की फक्त टोक उचला. स्पिनिंगसारखा हिसका दिला तर एक तर टिपेट तुटतो किंवा बोटाएवढं पिल्लू झाडावर जातं. हा रॉड या बाबतीत माफ करतो. वाक खोल असल्याने धक्का टिपेटपर्यंत पोचायच्या आत शोषला जातो. ६ एक्सवरसुद्धा तुटण्याचं प्रमाण कडक रॉडपेक्षा स्पष्टपणे कमी राहतं. मासा जाळीत येईपर्यंत टोक मात्र पाठीमागे नेऊ नका. मूठ उभी आणि टोक मागे वाकलेलं, अशा अवस्थेत सगळा भार वरच्या बारीक तुकड्यावर येतो आणि तो तिथेच मोडतो. ग्रॅफाइटचे रॉड माशाने मोडण्यापेक्षा माणसाच्या या उचलण्याने जास्त मोडतात. मासा जवळ आला की हात मागे न नेता बाजूला न्या, किंवा लाइन थोडी सोडून वाक हलका करा. हात ओले करून मासा धरा, पाण्यात ठेवूनच आकडा काढा, तोंड प्रवाहाकडे करून सोडा.

मोडण्याची दुसरी कारणं कमी नाट्यमय आहेत. सांधा सैल होतो. जोडताना एक चतुर्थांश वेढा आडवा ठेवून सारायचा आणि ढकलता ढकलता ठिपक्यांवर आणायचा. दर अर्ध्या तासाने हात फिरवून बघायचं. सैल सांध्यावर फेकलं की आतली नळी चिरते. आतल्या तुकड्यावर थोडं मेण घासून ठेवलं तर पकड टिकते आणि रेतीही कमी चिकटते. सांधा अडकला तर पिळू नका. दोघांनी समोरासमोर उभं राहून, प्रत्येकाने सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक हात धरून सरळ रेषेत ओढा. तिसरं, मण्याची जड निम्फ, म्हणजे पाण्यातल्या अळीची नक्कल असलेली बुडणारी फ्लाय, फेकताना रॉडवर आदळते. त्या वेळी काही दिसत नाही, पण त्या बारीक खाचेवरून रॉड आठवड्याने एखाद्या साध्या फेकीत मोडतो आणि दोष कंपनीला जातो. जड निम्फ टाकताना फेक रुंद, अंडाकृती करा. आणि ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. तीर्थनच्या रस्त्याकडेने तारा आहेत, आणि मे-जूनमध्ये दुपारी गडगडाट होतो. तारांखाली रॉड उभा धरू नका, आणि ढग गरजला की रॉड जमिनीवर ठेवून बाजूला व्हा.

याच कामाचे दोन पर्याय माहीत असावेत. रेडिंग्टनचाच बटर स्टिक, सात फुटी ३ नंबर, फायबरग्लासचा. तो याहून संथ, ३ नंबरच्या लाइनवरच दहा फुटांत वाकणारा आणि छोट्या माशावर अधिक मजेदार. पण तीन तुकड्यांचा असल्याने नळी पाऊण मीटरच्या आसपास, आणि ज्याने आधी फ्लाय फेकलेली नाही त्याला त्याची वाट बघणं जमत नाही. दुसरा पर्याय टेनकारा: रीळच नाही, टेलिस्कोपसारखा उघडणारा रॉड आणि टोकाला बांधलेली ठरावीक लांबीची लाइन. टेनकारा यूएसएचा ऱ्होडो ओढ्यांसाठीच बनवलेला. तो साधारण २.७ ते ३.२ मीटरमध्ये तीन लांब्यांना थांबतो आणि मिटल्यावर जेमतेम अर्ध्या मीटरचा राहतो. दगडामागच्या जागेवर लाइन पाण्याबाहेर ठेवण्यात त्याच्याशी कुठलाही साडेसात फुटी रॉड बरोबरी करू शकत नाही. उघड्या, दगडाळ ओढ्यात आम्ही टेनकारालाच वर ठेवू. पण फांद्या खाली आल्या की दहा फुटी रॉड उभाच करता येत नाही, आणि मोठा मासा प्रवाहाबरोबर पळाला तर सोडायला लाइन नसते. टेनकारा घेतलाच तर ५ एक्सपेक्षा जाड टिपेट लावू नका. आकडा दगडात अडकला की रॉडने न ओढता लाइन हाताने धरून ओढा. मिटताना मुठीकडच्या जाड तुकड्यापासून सुरुवात करा. उलट क्रमाने मिटला की टोकाचा केसासारखा तुकडा मोडतो.

फ्लायची पेटी लहान ठेवा. तरंगणाऱ्यांत १४ आणि १६ नंबरची एल्क हेअर कॅडिस, त्याच नंबरांची पॅराशूट अ‍ॅडम्स, १२ नंबरची एखादी स्टिम्युलेटर. आणि निम्फमध्ये १४ आणि १६ नंबरची फेजंट टेल आणि हेअर्स इअर, थोड्या मण्याच्या आणि थोड्या बिनमण्याच्या. प्रत्येकी चार-पाच. या पाण्यात कॅडिस, मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या तिन्ही पाणकिड्यांच्या अळ्या दगड उलटला की दिसतात, तेव्हा नेमकी नक्कल करण्यापेक्षा आकार आणि वाहणं महत्त्वाचं. सकाळी पाणी थंड असताना वर कोणी येत नसेल तर स्टिम्युलेटरच्या वळणाला दीड फूट ६ एक्स बांधून खाली १६ नंबरची निम्फ लोंबवा. वरची फ्लाय थबकली की टोक उचला. ही जोडी ४ नंबरची लाइन सहज पेलते. तरंगवायचं जेल फ्लाय कोरडी असतानाच आणि तांदळाच्या दाण्याएवढंच लावायचं. जास्त लावलं की पिसं चिकटून फ्लाय बुडते.

हंगाम १ मार्च ते ३१ ऑक्टोबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची वीण असते आणि बंदी असते. पण हे आठही महिने सारखे नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये ओढे स्वच्छ आणि लहान असतात. मे-जूनमध्ये बर्फ वितळून दुपारनंतर पाणी दुधाळ होतं, तेव्हा सकाळीच काय ते करायचं. पावसाळ्यात ओढे गढूळ आणि धोकादायक; दरड आणि अचानक येणारा लोंढा, दोन्ही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा या रॉडचा खरा काळ: पाणी खाली, काचेसारखं, आणि मासा वर बघणारा. पाण्यात थर्मामीटर बुडवून बघा. १० ते १६ अंश उत्तम, २० च्या वर गेलं तर मासा थकलेला असतो, त्या दिवशी सोडून दिलेलाही मरू शकतो. परवाना हिमाचलच्या मत्स्यव्यवसाय खात्याचा घ्यावा लागतो, दिवसागणिक. गुशैनी-नागिनीकडचे होमस्टेवाले कुठे मिळेल ते सांगतात, पण पावती आपल्या नावाची आणि खिशात असली पाहिजे. किती मासे ठेवता येतात आणि किमान लांबी किती, ते परवान्यावरच वाचून घ्या. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत शिरायला वनखात्याचा परवाना वेगळा लागतो. मासेमारीच्या परवान्यावर तिथे जाता येतं असं समजू नका.

महाराष्ट्रात बसून सराव करायचा असेल तर मैदानावर, आकड्याऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, पंधरा फुटांवर ताट ठेवून करा. गवतावर रोल कास्ट होत नाही, कारण पाण्याची पकड नसते. ती तळ्याकाठीच करावी लागते. डांबरावर किंवा सिमेंटवर लाइन घासू नका, लेप एका दिवसात जातो.

विकत घेताना आपल्याकडे अडचण दुकानांची आहे. फ्लायचं सामान ठेवणारी दुकानं थोडी, म्हणून बरेच जण परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवतात किंवा कुरिअरने घेतात. कुरिअरवर सीमाशुल्क लागतं आणि ते नुसत्या रॉडच्या किमतीवर नाही तर वाहतूक खर्च धरून लागतं, तेव्हा स्वस्त दिसणारा सौदा नीट बेरीज करून बघा. रेडिंग्टनची आजीवन वॉरंटी मूळ खरेदीदारासाठी आहे. वापरलेला रॉड घेतलात तर ती मिळेल असं धरू नका, आणि नवा घेतलात तर पावती जपून ठेवा. नातेवाइकाच्या नावावर खरेदी झाली तर वॉरंटीही त्याच्याच नावावर. मोडलेला तुकडा परत पाठवायचा खर्च भारतातून जाचक पडतो, म्हणून जमत असेल तर सुरुवातीलाच टोकाचा जादा तुकडा मिळतो का ते विचारून घ्या. मोडायचाच झाला तर बहुतेक वेळा तोच मोडतो, आणि तोही ओढ्यात कमी, गाडीच्या दारात जास्त.